दुसऱ्याचा क्लोजअप

“एकसष्ट वेळा मेलोय मी, फादर. मग आताच भीती का वाटते?”

विचारणारा ओक्ताव्ह रेनिए. अख्ख्या फ्रेंच सिनेमात त्याच्यासारखं मरणारा दुसरा नव्हता. गोळी खाऊन, विष पिऊन, नुसत्या प्रेमभंगानंसुद्धा. तो पडद्यावर मेला की पॅरिसमध्ये रुमालांचा भाव चढायचा म्हणे!

आता डॉक्टरांनी खरोखरचे तीन महिने दिले होते. म्हणून तर स्वारी डोंगर चढून या मठात आली होती.

फादर ओनोरे वाटाणे सोलत होते.

“मरायचं कसं, ते शिकवा मला.”

“एकसष्टदा जमलं, आणि बासष्टाव्यांदा अडलं होय रे?”

“तेव्हा ‘कट’ म्हटलं की उठायचो ना...”

फादर हसले नाहीत. शेंगेनंच पलीकडची खोली दाखवली.

“आमचा माळी आहे तिथं. गास्पार. आजचा दिवस काढत नाही. आम्ही पाळीपाळीनं बसतो त्याच्याजवळ. आता माझी पाळी. तू जा.”

ओक्ताव्ह गेला.

ऊन उतरलं. आतली घरघर चालूच होती... मग थांबली.

ओक्ताव्ह बाहेर आला तो शाळातपासनिसाचा चेहरा घेऊन.

“गेला.”

“कसा?”

“खरं सांगू? कच्चं काम, फादर. शेवटचं वाक्य अर्ध्यातच सोडलं. तोंड भिंतीकडे. आणि तो उजवा हात! सारखा चादरीबाहेर चाचपडत होता. काय हवं होतं कोण जाणे.”

“तू कुठं होतास?”

“दाराशी.”

“का?”

“क्लोजअप दुसऱ्याचा असला की आपण चौकटीत शिरायचं नसतं. चाळीस वर्षं पाळलंय मी हे. बोटसुद्धा हलवलं नाही.”

फादरांच्या हातातली शेंग खाली पडली.

...

त्यांनी उजवा हात टोपलीवरून पुढं केला. उताणा, रिकामा, म्हातारपणानं थरथरणारा.

ओक्ताव्ह त्या हाताकडे बघत राहिला. जाणकारासारखा, मान किंचित कलती करून. थरथर छान होती.

मग त्याचा चेहरा उतरला. कुणी न सांगता, आयुष्यात पहिल्यांदाच.

“फादर...”

फादरांनी हात मागं घेतला. पडलेली शेंग उचलली.

“घाबरू नकोस. तुझ्या वेळेला चांगला प्रेक्षक बघून ठेवतो.”