वैद्यशाळेच्या विहिरीचं पाणी

“उद्या दुपारपर्यंत तू बरे केलेले शंभर रोगी दरबारात उभे कर! नाहीतर बापाला घेऊन राज्याबाहेर चालती हो!” चंद्रसेन राजा कडाडला.

समोर होती सुंद्रा, कुंभाराची लेक. राजाच्या वैद्यशाळेत औषधं कुटायची. तिने जन्मात एक रोगी बरा केला नव्हता. आणि म्हाताऱ्या बापाचं चाक, भट्टी सगळं इथंच!

गुन्हा काय? ऐका तर! वैद्यशाळेचा नियम असा, की बरा झालेला रोगी शिष्याला नारळ देणार, आणि शंभर नारळ जमले की शिष्य वैद्य! त्यामुळे हगवणीची साथ आली की शिष्यांची दिवाळी. पावसाळ्याआधी एकमेकांना विचारायचे, “यंदा साथ बरी येईल ना रे?” आणि या बयेनं काय करावं? कुंभारआळीत चार माणसं जमवून नवी विहीर खणवली, झाकण घातलं, गुरं लांब बांधायला लावली. झालं! वर्षभर आळीतून एक रोगी नाही.

राजवैद्य धुंडिराज चवताळले. “महाराज, ही पोरगी माझ्या शिष्यांच्या शिक्षणावर उठलीय! रोगीच नाहीत तर शिकायचं कुणावर? वर म्हणते, मीही वैद्यकीच करते!”

म्हणून राजाचा हा हुकूम.

दुसऱ्या दिवशी सुंद्रा शंभर कुंभार घेऊन हजर. एकेक गडी कसा ठणठणीत!

“हे रोगी?” राजवैद्य खो खो हसले. “यांना साधी शिंक नाही! बरं काय केलंस, कपाळ?”

सुंद्राने दोन घागरी पुढे ठेवल्या. “उन्हातून आलात, वैद्यराज. घोटभर घ्या. आमच्या आळीचं पाणी.”

राजवैद्य गटागटा प्यायले.

“आता हे. तुमच्या वैद्यशाळेच्या विहिरीचं.”

राजवैद्यांनी हात मागे घेतला. त्या विहिरीच्या काठावर रोग्यांची धुणी धुवायचे!

“हट्! हे प्यायलो तर संध्याकाळी अंथरूण धरीन!”

“मग बिघडलं काय? औषध तुमच्याकडेच आहे.”

“औषध आहे म्हणून मुद्दाम आजारी पडू? वेड लागलंय का मला?”

सुंद्रा राजाकडे वळली. “महाराज, गेल्या सालापर्यंत हे शंभर जण हेच पाणी प्यायचे!”

“मी तीनदा आडवा झालो, तीन नारळ दिले की!” एक कुंभार ओरडला.

“यांचा आजार मीच बरा केला, महाराज, फक्त तो यायच्या आधी. वैद्यराजांना सगळं ठाऊक आहे हो! शिष्यांना शिकवायचं तेवढं राहून गेलं!”

राजा इतका हसला की मुकुट सावरावा लागला. गळ्यातला कंठा काढून त्याने सुंद्राच्या हाती दिला. “आणखी माग!”

“त्या विहिरीचा गाळ उपसायला शिष्य द्या.”

“दिले! आजपासून सकाळी शिष्य खाटेपाशी वैद्यराजांकडून शिकतील, दुपारी विहिरीपाशी तुझ्याकडून. दोन्हींत खरा उतरेल तोच वैद्य! आणि गाळाची पहिली पाटी, धुंडिराज, तुम्ही उचला!”