रांगेतली तांब्याची घागर

फार मागची गोष्ट. डोंगराच्या पाठीवर एक गाव होतं. गावाला झरा एकच, करंगळीएवढ्या धारेचा, शाळाही एकच. शाळेचे गुरुजी वेळेचे असे पक्के, की घंटा झाली की फाटकाला कुलूप. बाहेर राहिला तो गैरहजर. महिन्यात दहा खाडे झाले की नाव कायमचं कमी.

आता दुकानाला आतून कडी घालायची आणि गिऱ्हाईक का फिरकत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा, त्यातलाच हा प्रकार. पण गुरुजींना सांगणार कोण?

सांगितलं तुळजानं. मेंढपाळाची दहा वर्षांची पोर. आज तिचा नववा खाडा. फाटकाआडून गुरुजी म्हणाले, "कान धर, 'पुन्हा उशीर होणार नाही' म्हण, आणि ये आत."

"तसं कसं म्हणू, गुरुजी? उद्याही होणार."

"वर तोंड करून सांगतेस?"

"खाली मान घालून खोटं बोलण्यापेक्षा बरं. पाणी भरल्याशिवाय आई सोडत नाही, आणि झरा काही तुमची घंटा ऐकत नाही. उद्या या झऱ्यावर. मग कान कुणी धरायचे ते ठरवू."

आतली मुलं खुदकन हसली. फाटक उघडलं नाही. तुळजाही हलली नाही. बाहेर धुळीत बसून तिनं आतला धडा मोठ्यानं म्हटला.

गुरुजींना ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते झऱ्याजवळच्या आंब्याआड जाऊन उभे राहिले. तुळजाची घागर रांगेत तिसरी होती. एक बाई आली, तिनं ती मागं सारली. "तुला गं कसली घाई? आमच्या चुली खोळंबल्यात!" दुसरी आली, तिनंही तेच केलं. तुळजा घागर पुढं आणायची, कुणीतरी परत मागं ढकलायचं. मग एक मोठी तांब्याची घागर आली आणि थेट तिच्यापुढं बसली.

"सरक पोरी! आमच्या ह्यांची आंघोळ राहिलीय. शाळेची घंटा वेळेवर व्हायला नको?"

आवाज ओळखीचा. घागर तर त्याहून ओळखीची. गुरुजींच्याच घरची!

गुरुजी आंब्याआडून बाहेर आले. त्यांनी ती घागर उचलली आणि रांगेच्या पार शेवटी नेऊन ठेवली. मग म्हणाले, "आधी शाळेतली पोरं भरतील. ज्याला घाई असेल त्यानं माझ्यामागं उभं राहावं."

त्या दिवशी मुलं फाटकाशी आधी पोचली, आणि बिनआंघोळीचे गुरुजी धापा टाकत सगळ्यांत शेवटी. तुळजानं कमरेवर हात ठेवले. "गुरुजी, कान?"

गुरुजींनी एका हातानं कान धरला, दुसऱ्या हातानं कुलूप काढलं. ते पुन्हा कधी लागलं नाही.

तात्पर्य काय, तर शाळेत न आलेल्या मुलाचं नाव खोडण्याआधी त्याची वाट कुणी अडवलीय ते स्वतः जाऊन बघावं; कधीकधी तिथं आपलीच घागर सापडते.