घाटावर बसून राहिलेला वैद्य

फार पूर्वी अश्मक देशात गोदेच्या काठी कदंबपूर नावाचे नगर होते. तेथे भद्रसेन राजा राज्य करीत असता बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. वडिलांच्या हाताखाली तो विद्या शिकला आणि त्यांच्या मागे राजवैद्य झाला.

त्या नगरात दरवर्षी पावसाळा ओसरला की पटकी येई. उलट्या-जुलाब सुरू होत आणि सकाळी हिंडताफिरता असलेला माणूस संध्याकाळपर्यंत सुकून जाई. सोमिल घरोघर फिरे. मीठ-गूळ घातलेली तांदळाची पातळ पेज रोग्यांना घोटघोट पाजायला लावी. काही वाचत, काही जात. वाचलेले त्याच्या पाया पडत. राजाने त्याला पालखी आणि छत्र दिले होते. लोक त्याला जीवदाता म्हणत.

सोमिल म्हातारा झाला असता एका वर्षी त्याला एका विणकराच्या घरी बोलावणे आले. विणकराच्या बायकोला सोमिलाने आदल्या वर्षी याच रोगातून वाचवले होते. या वेळी तिच्या पोटात पेज ठरेना. दुपारी ती गेली. विणकर दारापर्यंत त्याला पोचवायला आला आणि हात जोडून म्हणाला, "वैद्यराज, तुमच्या कृपेनं तिला एक वर्ष जास्त मिळालं."

तो रागाने काही बोलला असता तर सोमिलाला बरे वाटले असते. त्याने पालखी परत पाठवली. चालत निघाला आणि नगराच्या मध्यावर असलेल्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसला. थोड्या वेळाने विणकराची बहीण आली आणि मेलेल्या भावजयीचे अंथरूण पाण्यात बुडवून धुऊ लागली. तिच्या शेजारी दोन बायका घागरी भरत होत्या. सोमिल हे लहानपणापासून पाहत आला होता. त्या दिवशी मात्र त्याला वाटले, 'मी माणसांना मरणाच्या दारातून ओढून आणतो आणि पुन्हा याच पाण्याशी आणून सोडतो.'

दुसऱ्या दिवशी तो नदीपलीकडच्या गवळ्यांच्या वस्तीवर गेला. तिथून पटकीसाठी त्याला कधीच बोलावणे आले नव्हते. हवा तीच, ऊन तेच, धान्यही याच बाजारातले. त्याने एका म्हातारीला विचारले, "आजी, पाणी कुठलं पिता?"

"नदीच्या वाळूत झिरे खणतो, बाबा. तुमचं तळं आम्हाला लांब पडतं," ती म्हणाली.

वाळूतल्या त्या खळग्यांत तळाशी निवळ पाणी झिरपून साठत होते. सोमिलाने त्यातले ओंजळभर पिऊन पाहिले. मग तो राजाकडे गेला.

"महाराज, तळ्याचं पाणी पिणं बंद करावं. नगरानं झिऱ्यांचं पाणी प्यावं. रोग्यांची अंथरुणं जाळावीत, त्यांची घाण राख टाकून पुरावी."

राजा म्हणाला, "वैद्यराज, ते तळं माझ्या आजोबांनी बांधलं. तुमच्यापाशी औषध आहे, मग घाट कशाला बंद करायचा?"

"औषध लागूच नये म्हणून, महाराज. राजवैद्याचं पद माझा शिष्य अमोघ सांभाळील. पालखी, छत्र त्याला द्या. मला फक्त पाण्यावर नेमा."

राजाला त्याचे नवल वाटले, थोडे हसूही आले. पण म्हातारा मागतो आहे तर देऊ, असा विचार करून त्याने मान्य केले.

तेव्हापासून, तळ्यात कुणी घागर बुडवू नये म्हणून, सोमिल घाटावर बसू लागला. झिऱ्यांची वाट लांबची होती. बायका डोक्यावर घागरी घेऊन त्याच्या अंगावरून जाताना बोटे मोडत. त्या वर्षी पटकी लवकर ओसरली. पुढच्या वर्षी आलीच नाही. मग लोक म्हणू लागले, "रोग तर गेला. हा म्हातारा आम्हाला अजून का छळतो?" अमोघ पावसाळ्याच्या अखेरीस गल्लीगल्लीत धुरी देववीत असे. त्या धुरीनेच पटकी पळाली, असे सगळ्यांना वाटे. अमोघालाही तसेच वाटू लागले होते.

सोमिलाची पत्नी उत्पला एकदा त्याच्या सुजलेल्या पायांना तेल लावीत होती. ती म्हणाली, "अहो, पूर्वी दारात माणसं मावत नसत. आता सणालासुद्धा कुणी येत नाही. तुमच्या या घाटावर बसण्यामुळे वाचला असा एक तरी माणूस मला दाखवा."

सोमिल म्हणाला, "नाही दाखवता येत. जे आजारी पडलेच नाहीत, त्यांतलं कोण मेलं असतं हे मला तरी कुठं ठाऊक आहे?"

"मग दमता कशासाठी?"

सकाळी तो पुन्हा घाटावर गेला.

अशी काही वर्षे गेली. राजकन्या वसुमतीचे लग्न ठरले. पाहुण्यांचे तांडे येऊ लागले. एवढ्या लोकांना झिऱ्यांचे पाणी पुरेना, तेव्हा राजाने तळ्याचा घाट मोकळा करायची आज्ञा दिली. सोमिलाने विनवले. राजा अमोघाकडे वळून म्हणाला, "तुम्ही राजवैद्य. तुमचं म्हणणं काय?" अमोघ म्हणाला, "महाराज, धुरी दिलेली आहे." सोमिलाला घरी बसायला सांगण्यात आले.

लग्न थाटात झाले. पाहुणे परतण्याआधीच पटकी आली, आणि पूर्वी कधी आली नव्हती अशी आली. एके सकाळी सोमिलाच्या दारात अमोघ उभा राहिला. त्याचे डोळे तारवटले होते, कपडे घाणीने माखले होते.

"आचार्य, मी चुकलो. कोणत्या घरी आधी जाऊ, मला कळत नाही."

उत्पला दारातच आडवी आली. "यांना हाकलून दिलंत ना? आता यांच्या पायांत जोर नाही. राहू द्या यांना आता सुखानं."

"उत्पले, तू बरोबर बोलतेस," सोमिल म्हणाला. "मी फार दमलो आहे. काठी दे."

ती रडत आत गेली आणि काठी घेऊन आली.

सोमिल रोग्यांकडे गेला नाही. पेज कशी पाजायची हे अमोघाला ठाऊक होते. तो थेट तळ्यावर गेला आणि वाटेत आडवा बसला. लोक ओरडले, कुणी काठी हिसकली, तरी तो उठला नाही. "झिऱ्यावर जा, आई. पोराला झिऱ्याचं पाणी पाज," एवढेच तो प्रत्येकीला सांगत राहिला.

दुपारी राजा स्वतः धावत आला. डोक्यावर मुकुट नव्हता. "वैद्यराज, वसुमती पडली आहे. चला."

"महाराज, अमोघ तिच्यापाशी आहे. त्याच्याहून अधिक मी काही करणार नाही. मी इथून उठलो तर सगळ्या जणी घागरी बुडवतील."

"माझी लेक मरते आहे!"

सोमिल जागचा हलला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. राजाचा हात तलवारीकडे गेला आणि तिथेच थांबला. मग तो धपकन सोमिलाच्या शेजारी पायरीवर बसला.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "मी इथे बसतो. माझ्यावरून कुणी पुढे जाणार नाही."

सोमिल राजवाड्यात गेला. अमोघ सगळे नीट करीत होता. सोमिलाने मुलीच्या कपाळावर हात ठेवला, काही वेळ पेज पाजली. दिवस मावळायच्या आत ती गेली. सोमिलाने परत येऊन सांगितले, तेव्हा राजाने मान खाली घातली, पण तो पायरीवरून हलला नाही. घागर घेऊन आलेली बाई त्याला तसा बसलेला पाहून मुकाट्याने नदीकडे वळली. तिच्यामागून आलेल्याही वळल्या. हळूहळू पटकी ओसरली.

पुढे कदंबपूरने तळ्याचे पाणी पिणे कायमचे सोडले. सोमिल गेला, उत्पला गेली, राजाही गेला. काही पिढ्यांनी सोमिलाचे नावही कुणाला आठवेना. नव्या सुनेने विचारले, की तळे जवळ असता एवढ्या लांब का जायचे, तर सासू म्हणे, "आमच्यात असंच करतात," आणि दोघी घागरी उचलून झिऱ्याकडे निघत.

अनेक जन्मांनंतर बोधिसत्त्व बुद्ध झाला, तेव्हा विहारात पाणी गाळून ठेवणारा धम्मिल नावाचा भिक्षू, हे काम कुणाच्या लेखी नाही म्हणून खचला होता. शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, त्याला जवळ बसवून ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "त्या वेळचा भद्रसेन राजा म्हणजे या विहाराला विहीर देणारा वृद्ध श्रेष्ठी मेघिल. उत्पला म्हणजे भिक्षुणी सुव्रता. अमोघ तू होतास, धम्मिल. तेव्हाही तू दमला होतास. आणि सोमिल वैद्य तो मीच. न दिसणारे काम न कंटाळता सोसत राहणे, हीच क्षांती."