टाक्यातली कण्हेर

हे दगडांनी बुजवलेलं टाकं बघा. खाली खाडी, वर डोंगराच्या खांद्यावर आमचं गाव, आणि मधे हे. पूर्वी बेटावर गोड्या पाण्याची एवढीच जागा होती. फोटो काढायचा तर काढा, पण मला त्यात घेऊ नका.

तेव्हा समुद्रावर चाचे फिरत. म्हणून गाव वर, तटाच्या आत. गावातले पुरुष समुद्राच्या तळाचे स्पंज काढायला दूर जात. एका उन्हाळ्यात खाडीत अनोळखी शिडाचं गलबत शिरलं. गावप्रमुख कोस्मासनं ठरवलं, चाच्यांना पाणीच मिळू द्यायचं नाही. आधी गावापुरते घडे भरून घेतले, मग कोरड्या ओढ्यातली कण्हेर तोडून, ठेचून टाक्यात टाकली. विषारी झाड ते, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. मग दरवाजा लावून सगळे तटावर चढले.

गलबतातून माणसं उतरली, तहानेनं धडपडत वर आली. तटावर स्तामाता नावाची विधवा होती. तिनं एकाची चाल ओळखली. तो तिचा मुलगा पान्तेलिस होता. आमच्याच लोकांची नाव वादळात फुटली होती, म्हणून ते परक्या गलबतातून परतले होते.

"पान्तेलिस, पिऊ नकोस!" ती ओरडायला लागली.

कोस्मासनं तिचं तोंड दाबलं. "गप्प बस. मागं चाचे असले तर सावध होतील."

असं सांगतात की, कोस्मासनंही पोराला ओळखलं होतं. तटावरच्या बऱ्याच जणांनी ओळखलं होतं. एकानंही हाक मारली नाही. थू! पोरं ओंजळीनं पाणी पीत होती आणि हे भेकड वरून बघत होते.

मागं चाचे नव्हतेच. पोरांना पुरल्यावर कोस्मास मानभावीपणे स्तामाताच्या दारी पाण्याचा घडा घेऊन गेला. ती एवढंच म्हणाली, "आधी तू पी."

म्हणे, मरेपर्यंत तिनं गावातल्या कुणाच्याही हातचं पाणी देणाऱ्यानं आधी प्यायल्याशिवाय घेतलं नाही. हळूहळू इतर बायकाही तसंच म्हणायला लागल्या.

आजही आमच्याकडे पाणी देणारा आधी स्वतः घोट घेतो. प्रवासी कंपन्या याला आमचं आदरातिथ्य म्हणतात, आणि आमचे लोक निर्लज्जासारखे माना डोलावतात.

ऊन फार आहे, तुम्हाला तहान लागली असेल. थांबा, आधी मी पितो. हं, आता घ्या.