प्रधानाची सैल वात

फार पूर्वी एका राज्यात राजा नव्हता, लोकच आपला प्रधान निवडत. तिथल्या पाणवठ्यावर दोघी कुजबुजत होत्या. एक म्हणाली, "प्रधान दर मंगळवारी दुपारी त्या दिव्याच्या वाती वळून विकणाऱ्या वातवालीकडे जातो म्हणे. लग्नच केलंय चोरून. आणि तिच्यापायी त्याने आपला देव..." इतक्यात घागर बुडबुडली आणि पुढचं वाक्य पाण्यात गेलं.

मागच्या पायरीवर एक काकू कळशी घासत होती. तिची भिंत वातवालीच्या भिंतीला लागून, तरी ही बातमी दुसरीला आधी कळली याचंच तिला वाईट वाटलं. अर्धी बातमी घरी न्यायचा तिचा स्वभाव नव्हता. वाटेतच तिने वाक्य पुरं केलं, "देव सोडला." दिवेलागणीपर्यंत सगळीकडे तेच.

लोकांना पटलंही. प्रधान कधी देवळात दिसला नव्हता, दर्ग्यातही नाही. प्रधानकीवर डोळा ठेवून बसलेला सरदार तर हरखलाच. बुधवारी सभा भरवायची, प्रधानाला उतरवायचं, वातवालीला वेशीबाहेर काढायचं, असं त्याने ठरवलं. साक्षीला कोण? तर शेजारची काकू.

काकूला आता वेगळंच आठवलं. तिच्या दुखण्यात याच वातवालीने पंधरा दिवस पेज आणून पाजली होती. आता तिचं घर जाणार, तेही आपण जोडलेल्या दोन शब्दांपायी. निदान डोळ्यांनी बघून तरी बोलू, म्हणून मंगळवारी दुपारी विरजण मागायच्या निमित्ताने ती शेजारी शिरली.

बघते तर काय, अख्ख्या राज्याचा प्रधान पाटावर बसून, बोटांना राख लावून, कापसाच्या वाती वळतोय. नाकावरही राख. पुढे दोन टोपल्या, एक देवळाची, एक दर्ग्याची.

"या काकू," वातवाली म्हणाली. "भिंतीला कान लावायचा त्रास वाचला."

काकूने आडपडदा न ठेवता विचारलं, "चोरून लग्न केलंत का हो?"

"कुठलं, काकू," प्रधान म्हणाला. "तीन वर्षं विचारतोय. ही म्हणते, न उकलणारी वात वळता आली की बघू."

"अजून एक जमली नाही," वातवाली म्हणाली. "आणि म्हणे राज्य चालवतात."

"आणि देव?"

प्रधानाने हातातली वात टोपलीत ठेवली. "मला हात जोडून मागता येत नाही. माझी वात कुणाच्याही देवापुढे जळाली, की माझं मागणं पोचलं. बाकी सगळं सांगा सभेत. एवढं मात्र माझ्यापाशी राहू द्या. चारचौघांत सांगितलं की ती भक्ती राहत नाही, मिरवणूक होते."

बुधवारी काकू सभेत उभी राहिली. म्हणाली, प्रधान वातवालीकडे जातो हे खरं, जीव लावतो हेही खरं. लग्न मात्र झालेलं नाही. आणि देव सोडला हे तिखटमीठ माझ्या पदरचं, त्याबद्दल मला काय ती शिक्षा करा.

सरदार म्हणाला, "मग त्याचा देव कुठला?"

"ते मी पाहिलंय," काकू म्हणाली, "आणि सांगणार नाही."

मग एक म्हातारबाबा खो खो हसत सुटले. "अरे, वाईट असतं तर या बाईच्या पोटात घटकाभर तरी राहिलं असतं का?"

सगळी सभा हसली. सरदार मुकाट्याने पागोटं सावरत निघाला.

त्या संध्याकाळी देवळातला दिवा फडफडला. पुजारी सैल वातीवर कुरकुरला. काकू म्हणाली, "असू द्या, जळतेय ना." आणि पदराआड हसली.

पुढे थंडीत एका दुपारी भिंतीपलीकडून वातवालीचा आवाज आला, "अगं बाई, ही नाही उकलली." काकू उठणार होती. पण बसून राहिली. पलीकडचं बोलणं पुरतं संपू दिलं, आणि मगच लग्नाच्या लाडवांसाठी रवा भाजायला घेतला.

तात्पर्य: ऐकलेल्या अर्ध्याला आपलं अर्धं जोडू नये, आणि दुसऱ्याची भक्ती कळली, तरी तिची दवंडी पिटू नये.