उलटा उतरणारा गाडीवान

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी पहाटेपासून असं धुकं पडलं होतं, की आपल्याच बैलांची शिंगं दिसेनात. रानातलं पानन् पान टपटप गळत होतं.

पण आधी थोडं मागचं सांगतो. रानाच्या कडेला गाडीवानांचं एक गाव होतं. सागाचे ओंडके बैलगाड्यांवर रचायचे आणि नदीच्या घाटावर न्यायचे, हा त्यांचा धंदा. ओंडक्यांच्या माथ्यावर बसून गाडी हाकायची, घाट आला की चालत्या गाडीवरून धाडकन उडी मारायची. बैलही तसेच शिकलेले. धन्याचे पाय जमिनीवर आपटले, की मगच ते थांबत.

त्यातल्या एका गाडीवानाचा बाप अशाच उडीत अधू झाला. उरलेलं आयुष्य ओट्यावर बसून राहिला. आता घरात कमावते पाय दोनच, या मुलाचे. त्याने मनाशी ठरवलं, आपण उडी मारायची नाही.

ठरवलं खरं, पण बैल थांबतात कुठे? मग रोज रिकामी गाडी काढून त्याने बैलांना शिकवलं. "थांब रे राजा" म्हटलं की उभं राहायचं. बैल विसरत, तो चिडत नसे, पुन्हा सांगे. गाडीच्या बाजूला त्याने एक पायरी ठोकली. बैल उभे राहिले, की गाडीकडे तोंड करायचं, दोन्ही हातांनी गाडीची कड धरायची, एक पाय पक्का टेकला की मग दुसरा उचलायचा. चढतानाही तसंच, तळव्यांचा चिखल पुसून.

बाकीचे चिलीम पेटवून बसत, तरी हा अजून पायरीवरच. शेजारचा गाडीवान हसून म्हणे, "या सासूबाई, सावकाश उतरा. गाडीच्या पाया पडून झालं का?"

तो मात्र तसाच उतरत असे.

तर त्या धुक्याच्या दिवशी शेजाऱ्याची गाडी पुढे होती. घाटाचा उतार लागला, शेजाऱ्याने उडी घेतली. ओंडक्याच्या ओल्या सालीवर पाय घसरला, घोटा ओंडके बांधलेल्या दोरात अडकला आणि तो चाकाशेजारी उलटा लोंबकळला. पाय काही जमिनीवर आपटले नाहीत. बैल नदीकडे चालतच राहिले.

मागून याने किंकाळी ऐकली. क्षणभर वाटलं, मारावी उडी. पण त्याने बैल थांबवले, गाडीकडे तोंड केलं, दोन्ही हातांनी कड धरली, एकेक पाय टेकला, आणि मग जो धावला तो धावलाच. पुढच्या गाडीच्या बैलांच्या वेसणी धरून त्याने जुवाला खांदा लावला. गाडी पाण्याच्या काठावर थांबली.

शेजाऱ्याचा घोटा मोडला, जीव वाचला. बरा झाल्यावर तो काठी टेकत याच्या अंगणात आला, काखेत एक फळी होती. ती पुढे करून म्हणाला, "माझ्याही गाडीला पायरी ठोकून दे, बाबा. त्या दिवशी तूही उडी मारून पडला असतास, तर मला कोण सोडवणार होतं? जो सांभाळून उतरतो, त्याचेच पाय दुसऱ्यासाठी धावायला शाबूत राहतात."