दहा लाख एकचा तोरा

आकडे बोलत होते तेव्हाची गोष्ट. दहा लाख एक नावाचा आकडा मूळ संख्यांच्या पंगतीला निघाला. सात आकडी देहात पाच शून्यं, पण ऐट बघावी! या पंगतीचा रिवाज कडक होता. आधी बसलेल्यांनी नव्या पाहुण्याला भागून बघायचं आणि दर वेळी बाकी उरली, तरच त्याचं पान मांडायचं.

दोनने भागलं, तीनने भागलं. पाच, सात, अकरा, तेरा, सगळे घामाघूम झाले, पण बाकी उरलीच.

"पुरे आता!" दहा लाख एक गुरगुरला आणि स्वतःच पान मांडून पाटावर बसला. "मला भागणारा अजून जन्मायचाय. पान वाढा."

कोपऱ्यातून एकशे एक उठला. "मी राहिलोय, दादासाहेब."

"तू? नवसाच्या नारळांचं तोरण मोजायला ठेवलेला आकडा! ये, तुझीही हौस भागव."

एकशे एकने भागलं. बाकी शून्य! पंगतीत हशा पिकला. दहा लाख एक मान खाली घालून पाटावरून उठला.

त्याचं पान उचलत एकशे एक म्हणाला, "हिणवा खुशाल. पण नऊ हजार नऊशे एक वेळा मलाच मांडलं, तेव्हा कुठे तुम्ही एकदाचे उभे राहिलात."